सामान समुद्रात, घर रिकामं: लष्करी बदलीवर जर्मनीत आलोय, सल्ले हवेत

गोदाकाठ
१४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नवरा अमेरिकेच्या आर्मीत स्टाफ सार्जंट आहे. मूळ आमच्या नाशिकचाच. शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि मॅव्हनी नावाच्या, परदेशी नागरिकांना सैन्यात घेणाऱ्या योजनेतून भरती झाला. २०१६ मध्ये ती योजना थांबली, त्यामुळे आमच्यासारखी मराठी घरं शोधूनही सापडत नाहीत. टेक्सासात पाच वर्षं काढली. ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघं (तो, मी आणि सात वर्षांची लेक) जर्मनीत काइझर्सलाउटर्नला आलो. अमेरिकन लोक याला 'के-टाउन' म्हणतात. रामस्टाइनचा लष्करी विमानतळ, लांडश्टूलचं लष्करी रुग्णालय, बरेचसे कँप आणि भोवतीची खेडी मिळून इथे पन्नास हजारांच्या आसपास अमेरिकन माणसं राहतात. अमेरिकेबाहेर त्यांची एवढी मोठी लष्करी वस्ती दुसरी नाही.

पहिले पाच आठवडे बेसवरच्या हॉटेलात गेले. गणपती तिथेच बसवला. मूर्ती म्हणजे सासूबाईंनी दिलेला पितळेचा बोटभर गणपती, तो मी विमानात हातातल्या पिशवीत घेतला होता. टीव्हीखालच्या कपाटावर रुमाल अंथरला, त्यावर तो. नैवेद्याला साखर-खोबरं.

सप्टेंबर संपताना लांडश्टूलजवळच्या एका खेड्यात घर मिळालं. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण बाई एकट्या राहतात, सत्तरीच्या असतील. घर चांगलं आहे, खिडकीतून बीच नावाच्या झाडांचं जंगल दिसतं. पण सामान जुलैत टेक्सासातून निघालंय ते अजून पोचलेलं नाही. कुणी म्हणतं नोव्हेंबर, कुणी म्हणतं वाट बघा. आर्मीच्या फर्निचर खात्याने पलंग, टेबल, चार खुर्च्या आणि एक सोफा तात्पुरता दिलाय. कपाटं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन मात्र इथे असेपर्यंत आमच्याकडेच राहतील. जर्मन घरात भिंतीतली कपाटं नसतात आणि दिवेही नसतात हे मला माहीत नव्हतं. छताला नुसत्या तारा लोंबत होत्या. बोललं की आवाज घुमतो. लेक मधल्या खोलीत उभी राहून टाळ्या वाजवते आणि ऐकत बसते. परवा तिने विचारलं, "आई, आपलं घर कुठल्या बोटीत आहे?"

त्यात नवरा तीन आठवडे बव्हेरियात ग्राफेनव्योरला सरावासाठी गेलाय. मला या आधीही एकटीने राहायची सवय आहे. पण तेव्हा भोवती आपल्या वस्तू असायच्या.

विचारायचं ते असं. सोबतच्या बायका सांगतात, खेड्यात कशाला राहतेस, बेसवरच्या क्वार्टरसाठी नाव नोंदव, तिथे सगळं इंग्रजीत आहे, शाळा दारात आहे. मला दोन्ही बाजू पटतात आणि रात्री झोप येत नाही. ज्यांनी परदेशात असं घर लावलंय त्यांनी सांगा. शिवाय दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय आणि माझ्याकडे एक कढई, दोन पातेली आणि चार ताटं आहेत. तिसरं म्हणजे मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे, ग्रीन कार्ड आहे. अमेरिकेबाहेर तीन वर्षं राहिल्याने त्याचं काय होतं?

---

मानहाइमकर
१५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

जर्मनीत स्वागत. मी तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, मानहाइमला, बारा वर्षं आहे. लष्कराशी संबंध नाही, पण जर्मन शेजाऱ्यांशी रोजचा आहे, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

सगळ्यात आधी खिडक्या. आपल्याकडे रोज फोडणी, कुकरची वाफ, भाताची पेज. इथली घरं हवाबंद असतात, वाफ आतच राहते आणि हिवाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. त्यावरून घर सोडताना अनामत रकमेचे वाद होतात. दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून. बाहेर बर्फ असला तरी. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून उपयोग नाही, भिंती गार पडतात. याला इथे 'लुफ्टेन' म्हणतात आणि घरमालक ते अगदी मनापासून विचारतात.

दुसरं, रविवार. रविवारी ड्रिल नाही, गवत कापणं नाही, काचेच्या बाटल्या मोठ्या डब्यात टाकणं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. कचऱ्याचं वेळापत्रक गावच्या कार्यालयातून मागून घ्या आणि फ्रिजवर लावा. कागद, पॅकिंग, ओला कचरा आणि उरलेला, सगळं वेगळं. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत असते, त्या दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या.

गाडी चालवताना 'उजवीकडचा आधी' हा नियम पक्का करा. खेड्यात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्या अगदी बारक्या गल्लीतून आलेल्या गाडीचाही हक्क पहिला. टेक्सासातून आलेला माणूस सरळ मोठ्या रस्त्याने जात राहतो आणि तिथेच ठोकतो.

आता दिवाळी. सुपरमार्केटात 'बुटरश्माल्झ' म्हणून मिळतं ते आपलं तूपच. 'क्वार्क' घ्या, चाळीस टक्के फॅटचं, एक रात्र फडक्यात टांगा, साखर-वेलची घाला, श्रीखंड तयार. शिऱ्याला 'वाइच्-वाइत्सनग्रीस', म्हणजे रवा. पोळ्यांना १०५० नंबरचं गव्हाचं पीठ. भाजणी आणि पोह्यांसाठी मात्र फ्रँकफुर्ट गाठा, मुख्य स्टेशनच्या आसपास भारतीय किराणा आहे.

एक विचारू का? सामानात भारतातला मिक्सर आहे का?

---

गोदाकाठ
१५ ऑक्टोबर, सकाळी ११.०२

मानहाइमकर, मनापासून आभार. काल माझ्या दारात पॅकिंगच्या कचऱ्याची पिवळी पिशवी तशीच राहिली होती, वर लाल चिकटपट्टी. आता कळलं, मी त्यात पिझ्झाचा खोका घातला होता.

मिक्सर आहे! आईने लग्नात दिलेला सुमीत. टेक्सासात विजेच्या फरकामुळे तो कधी लावताच आला नाही, पाच वर्षं माळ्यावर खोक्यातच होता. टाकवत नव्हता म्हणून बांधून घेतला. का विचारलंत?

---

मानहाइमकर
१५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

कारण इथली वीज भारतासारखीच आहे, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त पिनेसाठी अडॅप्टर घ्या, जाड तीन पिनांचा बसेल असा. तुमचा मिक्सर नाशिकसारखाच चालेल.

उलट टेक्सासातली उपकरणं इथल्या भिंतीत थेट लावू नका, जळतील. ट्रान्सफॉर्मर लावला तरी व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

---

काळी_पेटी
१५ ऑक्टोबर, दुपारी ३.४८

बाळ, तुझं लिहिणं वाचून डोळे भरले. माझे यजमान भारतीय सेनेत होते, आता आम्ही पुण्यात स्थायिक आहोत. एकतीस वर्षांत एकोणीस घरं लावली. काळ्या लोखंडी पेट्या, त्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. दर बदलीला जुना पत्ता खरवडायचा, नवा लिहायचा. खरवडून खरवडून एका पेटीचं झाकण चंदेरी झालंय, ती अजून माझ्या खोलीत आहे.

परदेशातलं घर एकच, भूतानमधलं 'हा'. गावाचं नावच 'हा'. भारतीय सेनेचं प्रशिक्षण पथक १९६२ पासून तिथे आहे. नव्वदीची सुरुवात होती. फुंत्शोलिंगहून दिवसभर घाट चढत गेलो. रस्ता आपल्याच सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधलेला, वळणावळणावर त्यांच्या पाट्या. नऊ हजार फूट उंची. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं. आमचं सामान मागच्या ट्रकमध्ये होतं आणि दरड कोसळली. सतरा दिवस दोन ब्लँकेटं, एक स्टोव्ह आणि लाकडं जाळून खोली तापवायची बुखारी यांवर काढले. मुलगा चार वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी शेजारची भूतानी बाई आली. मला झोंग्खा येत नाही, तिला हिंदी येत नाही. तिने पदराआडून काढल्यासारखी एक टोपली काढली, त्यात फापराच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाच्या गरम मोमोसारख्या पुऱ्या होत्या, आत पालेभाजी आणि चीज. 'होंते' म्हणतात, हा खोऱ्याचीच ती खासियत. मी तिला चहा दिला, साखर-आलं घालून. ती खारट लोण्याचा चहा पिणारी. घोटभर प्यायली आणि माझा हात धरून बसली. तिथे असेपर्यंत ती रोज यायची.

म्हणून सांगते, ते सामान येईपर्यंत घर लावायचं थांबू नकोस. देव मांडलास ना? चहाचं पातेलं आहे ना? खालच्या बाईंना चहाला बोलाव. आजच बोलाव.

---

ओकिनावाहून
१५ ऑक्टोबर, रात्री ८.२०

गोदाकाठ, मीही तुझ्यासारखीच, फक्त आमचा बेस कडेना, जपानमधलं ओकिनावा. नवरा एअर फोर्समध्ये, चौथं वर्ष सुरू आहे.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण त्याने झोप जाते हे मला माहीत आहे. नवऱ्याच्या बदलीच्या हुकमात तुझं नाव सोबत राहणारी म्हणून आहे का ते बघ. असेल तर २००८ च्या कायद्याप्रमाणे लष्करी जोडीदाराचा परदेशातला हा काळ नागरिकत्वाच्या अर्जासाठी अमेरिकेतच राहिल्यासारखा धरला जातो. अर्ज तोच, एन-४००, आणि मुलाखत व शपथ परदेशातच होऊ शकते. माझी शपथ इथेच झाली. बेसवर कायदा सल्ला कार्यालय असतं, तिथे फी नाही. हुकमाच्या, पासपोर्टच्या आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती घेऊन जा. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून घे. माझा मराठीत होता आणि त्यात दोन महिने गेले.

आता बेस की बाहेर. मी पहिलं दीड वर्ष बेसवर राहिले. वाहतूक भारतासारखी डावीकडून, दारात चपला काढायची पद्धत आपल्यासारखी, तरी मी कुंपणाबाहेर पडत नव्हते. कमिसरी म्हणजे बेसवरचं किराणा दुकान, शाळा, दवाखाना, सगळं आत. दीड वर्ष जपानमध्ये राहून मी एकाही जपानी माणसाच्या घरी गेले नव्हते. मग एका वादळात सगळं बदललं. इथे जूनपासून नोव्हेंबरअखेर वादळाचा इशारा कायम खालच्या पायरीवर असतोच, वादळ जवळ आलं की पायऱ्या चढत जातात आणि शेवटी दार बंद करून घरात बसायचं. ते ओसरल्यावर किनाऱ्याकडच्या गावात कचरा उचलायला स्वयंसेवक हवे होते. गेले. तिथल्या आजीबाईंनी मला कडू कारल्याची भाजी खाऊ घातली. कारलं! मी रडले. त्यानंतर आम्ही घर बदललं.

माझं मत, खेड्यातच राहा. तीन वर्षं फार पटकन जातात.

---

शिवथर
१६ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

मी थोडं वेगळं सांगतो. माझी बहीण अशीच एका बेसजवळच्या गावात राहत होती, नवरा सहा महिने बाहेर, दोन मुलं. रात्री अडीचला धाकट्याला ताप आला. शेजारी दार ठोठावायची हिंमत होईना, कारण भाषा येत नाही. बेसवर असती तर समोरच्या घरातली बाई पायजम्यातच धावली असती, कारण तिचाही नवरा त्याच तुकडीत. जंगल आणि शांतता छान आहे, पण नवरा नसतानाचा आधार कुठून येणार ते आधी बघा.

---

तिरंगा_मनात
१६ ऑक्टोबर, दुपारी १२.३३

राग मानू नका, पण विचारतो. आपल्या मातीतल्या माणसाने दुसऱ्या देशाचा गणवेश घालावा हे मला पटत नाही. भारतात सेना नाही का?

---

काळी_पेटी
१६ ऑक्टोबर, दुपारी १.१५

@तिरंगा_मनात, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तर देते. यजमानांची पलटण मराठा लाइट इन्फंट्री. त्या पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले, वय बावीस. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्यांच्या गणवेशावरचा मुकुट आपला नव्हता, तरी आम्ही बेळगावला त्यांची नावं मान ताठ करून घेतो. घाडग्यांचं स्मारक २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोनेत उभं राहिलं. शपथ घेतली की पाळायची, एवढंच मी शिपायाकडून मागते. आणि या धाग्यावर एक मुलगी रिकाम्या घरात बसून मदत मागतेय, तिच्याकडे बघू या.

---

गोदाकाठ
१६ ऑक्टोबर, रात्री ९.५५

तिरंगा_मनात, राग नाही. माझे वडीलही हेच म्हणाले होते. नवऱ्याने त्यांना एवढंच सांगितलं, "बाबा, ज्या देशाने शिकवलं, घर दिलं, त्याचं देणं आहे." त्यानंतर वडिलांनी तो विषय काढला नाही.

शिवथर, तुमच्या बहिणीची रात्र डोळ्यांसमोर आली. बरोबर आहे तुमचं. मी आज नवऱ्याच्या तुकडीतल्या दोन बायकांचे नंबर घेतले. एक इथून आठ मिनिटांवर राहते, तिने रात्री कधीही फोन कर म्हणून सांगितलं. आणीबाणीला इथे ११२ लावायचा, तेही लेकीकडून पाठ करून घेतलं.

ओकिनावाहून, हुकमात माझं नाव आहे. सोमवारी कायदा कार्यालयात वेळ मिळालीय.

काळी_पेटी काकू, तुमचं ऐकलं. काल चारला खाली गेले आणि हाताने 'चहा' अशी खूण केली. घरमालकीण बाई वर आल्या, हातात लहान निळ्या आलुबुखारांच्या केकचा अर्धा तुकडा. आल्याचा चहा त्यांनी दोन कप घेतला. मग छताकडे बघितलं, लोंबत्या तारांकडे बोट केलं, आणि खाली जाऊन फोन केला. संध्याकाळी त्यांचा मुलगा शिडी घेऊन आला. आता मधल्या खोलीत दिवा आहे, जुना, पितळी साखळीचा, त्यांच्या तळघरातला.

एक गंमत वाटली. त्या मला 'झी' म्हणतात, म्हणजे आपलं 'तुम्ही'. लेकीला 'डू', म्हणजे 'तू'. इंग्रजीत राहून राहून हा फरकच विसरायला झाला होता. मीही त्यांना 'झी' म्हणते आणि आपोआप आवाज खाली येतो, नाशिकला शेजारच्या आजींशी बोलताना यायचा तसा.

---

अबोली_वेंगुर्ला
१७ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

मी लष्करातली नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. लेकीविषयी लिहावंसं वाटलं. टाळ्या वाजवून आवाज ऐकणारी मुलगी खोली मोजतेय. तिला एक कोपरा पूर्ण तिचा द्या, त्यात काय ठेवायचं ते तिनेच ठरवू दे. आणि सामानाच्या बोटीचा प्रवास नकाशावर काढायला सांगा. ती कुठल्या शाळेत आहे?

---

गोदाकाठ
१७ ऑक्टोबर, दुपारी २.२०

ताई, बेसवरच्या अमेरिकन शाळेत, दुसरीत. या शाळा जर्मनीत १९४६ पासून आहेत. आठवड्यातून काही तास एक जर्मन शिक्षिका येऊन भाषा आणि इथले सण शिकवतात, तो तास तिला सगळ्यात आवडतो.

नकाशा आजच केला. रोज झोपायच्या आधी बोट थोडी पुढे सरकवते. ती कुठे आहे हे खरं तर आम्हाला माहीत नाही, पण लेकीच्या हिशेबाने आज ती अटलांटिकच्या मधोमध आहे.

---

गोदाकाठ
३ नोव्हेंबर, रात्री १०.१०

भाऊबीज झाली, निवांत लिहायला बसलेय.

नवरा धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री परत आला. श्रीखंड क्वार्कचं केलं, मानहाइमकर, फडकं म्हणून लेकीचं जुनं मलमलचं दुपटं वापरलं. चकली नाही झाली, सोऱ्या बोटीत आहे. शंकरपाळे झाले, करंज्या झाल्या, कढई एकच असल्याने सगळे घाणे सावकाश. पणत्या नव्हत्या, तर लेकीने शाळेतून मातीचा गोळा आणला आणि अकरा पणत्या केल्या. वाळायला हीटरवर ठेवल्या. त्यातल्या दोन तडकल्या.

आकाशकंदील लाकडी काड्या नव्हत्या म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा केला, पिवळा आणि केशरी पतंगी कागद. बाल्कनीत लावला. पहिल्या रात्री खालून घरमालकीण बाईंचा आवाज आला. मला वाटलं काही चुकलं, घड्याळ बघितलं, साडेआठच होते. त्या अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. म्हणाल्या, "लातेर्ने!" आणि बरंच काही बोलल्या, त्यातला 'मार्टिन' एवढाच शब्द कळला. लेकीला मात्र सगळं कळलं, तिच्या जर्मन बाईंनी शिकवलं होतं. अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी गावातली मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात.

घड्याळं मागच्या रविवारी तासभर मागे गेली. आता भारत साडेचार तास पुढे. टेक्सासात असताना आईशी बोलायला एकाच्या रात्रीत दुसऱ्याची सकाळ शोधावी लागायची. लक्ष्मीपूजनाला या वेळी तिचा आणि माझा दिवा एकाच संध्याकाळी, फोनवर एकमेकींना दाखवून लावला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

---

ओकिनावाहून
४ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

सामान येईल तेव्हाचं सांगून ठेवते. यादीवर प्रत्येक खोक्याचा नंबर असतो. माणसं एकेक नंबर ओरडतात आणि तू दारात उभी राहून खूण करायची. नवऱ्याला आत खोल्यांकडे उभा कर. घाईने सही करू नकोस. फुटलेलं त्या दिवशी दिसलं नाही तरी १८० दिवसांच्या आत कळवता येतं आणि नऊ महिन्यांच्या आत दावा केला तर वस्तूची नवी किंमत मिळू शकते. फोटो काढ, खोक्यासकट.

---

गोदाकाठ
७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३५

आलं! काल सकाळी नऊला ट्रक. गल्ली अरुंद, तो मागे घेताना शेजारच्यांनी स्वतःची गाडी काढून दिली.

एकशे सव्वीस नंबर. मी दारात, हातात यादी. चार माणसं जिन्यावरून वरखाली, "सेव्हंटी टू", "नाइन", "हंड्रेड अँड फोर". लेकीला शाळेतून सुट्टी घ्यायला लावली होती, ती पायरीवर बसून आपल्या नकाशावर खुणा करत होती. तिच्या सायकलचा नंबर आल्यावर ती उठून उभी राहिली आणि काही बोललीच नाही, नुसता माझा कुर्ता धरला.

चार काचेच्या बरण्या फुटल्या, पुस्तकांच्या कपाटाचा एक पाय मोडला, आणि ९१ नंबर आलाच नाही. त्यात काय होतं ते यादीवर नुसतं 'किचन' लिहिलंय. बांधणाऱ्यांनी असं लिहू नये. तुमच्यापैकी कुणाची बदली असेल तर बांधताना त्यांच्या शेजारी उभं राहून प्रत्येक खोक्यावर आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहा. मी काही खोक्यांवर लिहिलं होतं आणि तेवढीच लगेच सापडली.

८७ वर माझ्या अक्षरात 'आईचा मिक्सर' लिहिलं होतं.

पहिलं तेच उघडलं. पाच वर्षं जुन्या 'सकाळ' पेपरच्या पानांत गुंडाळलेला, झाकणाचं रबर कडक झालंय. अडॅप्टर आधीच आणून ठेवला होता. सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घातलं. बटण फिरवलं आणि तो आवाज! नवरा बेडरूममधून हातात पलंगाचा स्क्रू घेऊन धावत आला. तो आवाज आमच्या दोघांच्याही घरचा आहे. लेकीने कान झाकले. तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

---

मानहाइमकर
७ नोव्हेंबर, सायंकाळी ७.०१

माझ्या घरातही सुमीतच आहे. रविवारी लावू नका फक्त. खाली बाई आहेत.

---

शिवथर
८ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

वाचून फार बरं वाटलं. बेसचं नाव नोंदवलंत की नाही शेवटी?

---

गोदाकाठ
१२ नोव्हेंबर, रात्री ९.२५

शिवथर, नाही नोंदवलं. नवऱ्याची पुढची लांबची ड्यूटी लागली की पुन्हा विचार करू असं दोघांनी ठरवलंय. तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही.

काल मार्टिनचा दिवस होता. पाचलाच अंधार. घरमालकीण बाई खालून टोपी-हातमोजे घालून तयार, लेक त्यांना आता 'ओमा', म्हणजे आजी, म्हणते. दुकानातले कंदील मिळतात, बाईंनी एक आणूनही ठेवला होता, पण लेकीला आपला बाल्कनीतलाच हवा होता. नवऱ्याने तो उतरवला, आत बॅटरीचा दिवा बसवला आणि झाडूचा दांडा लावला.

चर्चपासून निघालो. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन, मागे शे-दीडशे माणसं, गावचे स्वयंसेवक अग्निशामक चौकाचौकात गाड्या थांबवून उभे. मुलांच्या हातात चंद्र, साळिंदर, घुबडाचे कंदील, आणि त्यात आमचा षटकोनी आकाशकंदील, खाली झिरमिळ्या. एका मुलाने विचारलं हा कुठला तारा. लेकीने जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. मी विचारलं काय सांगितलंस, तर म्हणाली, "नाशिकचा."

मैदानात शेकोटी होती. ओमांनी लेकीला गोड ब्रेझल घेऊन दिलं. तेवढ्यात डोक्यावरून रामस्टाइनचं मालवाहू विमान गेलं, खूप खालून, दिवे लुकलुकत. मुलांनी सगळे कंदील वर केले. लेकीने पण. झिरमिळ्यांतली एक शेकोटीच्या वाऱ्याने उडाली, ती ओमांच्या टोपीला चिकटली आणि घरी येईपर्यंत तशीच होती.

९१ नंबरचा दावा उद्या भरतेय. त्यात सोऱ्या होता, आत्ता आठवलं.